पाण्याचा वार

खोली दाखवली तेव्हा तिने आधी फरशीकडं पाहिलं.
खाटेखालून डोकावणारे आठ बोल्ट,
कापून टाकलेले, तरी बोटभर वर राहिलेले.
इथं दोन लूम होते, मी म्हटलं, टॉवेल निघायचे.
तिला लूम कळलं, निघायचे कळलं नाही.
मी हातांनी खडखड करून दाखवली.
ती हसली,
आणि पहिल्याच रात्री अंगठा ठेचून घेतला.

मेकदेस. इथिओपियाची. फार्मसी शिकायला आलेली.
श्रीनिवासनं कॉलेजातून फॉर्म आणला होता:
अम्मा, खोली रिकामीच हाय की.
बघायला आलेल्या मॅडमनी
पंखा, संडास, खिडकी लिहून घेतली.
रिकामी आहे का, ते विचारलं नाही.

भद्रावती पेठेत बातमी आपल्या आधी घरी पोचते.
शरणम्मा कन्नडात विचारून गेली, किती देतात?
पलीकडची सईदा उर्दूत, खाते काय?
दोघींना मी मराठीत सांगितलं, बघू.
घरात आम्ही तेलुगू.
गल्ली मला अक्का म्हणते, म्हणून तीही अक्का म्हणू लागली.
तिच्या मराठीच्या पुस्तकात पहिलंच वाक्य:
ही होडी आहे.
होडी!
नळाला पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात.

मग मीच तिला कॅलेंडर शिकवलं.
लाल गोल म्हणजे पाणी. एखादा दिवस इकडं तिकडं.
वेळ विचारायची नाही.
शनिवार माझा उपास.
बुधवार, शुक्रवार तिचा: दूध नाही, तूप नाही, अंडं नाही.
मी शेंगाचटणी तेलात कालवली, कडक भाकरी मोडून दिली.
नाक पुसत पुसत खाल्ली, थांबेना.
दोन वारांचा प्रश्न तिथंच मिटला.

सगळंच काही असं मिटलं नाही.
दार आतून लावायची.
एकदा फोनवर बोलता बोलता रडली.
मी बाहेर चहा घेऊन उभी,
ठोठवावं की नको, ठोठवावं की नको.
शेवटी चहा मीच प्याले.
आणि एकदा तोंडातून गेलं माझ्या,
केसांना एवढं पाणी लागतं होय गं?
त्यानंतर आठवडाभर केस बांधलेलेच.

कार्तिकात कॅलेंडरपुढं उभी राहून म्हणाली,
आमच्याकडं महिने तेरा.
आणि साल सात वर्षं मागं.
मागं म्हणजे?
म्हणजे तिकडं आत्ता, तिने बोटांवर मोजलं,
आणि साल सांगितलं.

परातीत माझा हात तसाच राहिला.

त्या साली दोन्ही लूम चालू होते.
मी कांड्या भरत होते.
ह्यांच्या कानांत कापूस,
जेवायला बोलवायचं तर ओरडावं लागायचं.
भंगारवाल्यानं तराजू अंगणात टेकवला नव्हता.
दवाखान्याची फाईल नव्हती.
म्हणजे तिच्या गावच्या हिशेबात कुठंतरी
भाकरी गार होतेय,
आणि मी अजून ओरडतेय, अवो, ऐकू येतंय का.

तिला काही सांगितलं नाही.
पीठ सैल झालं, वर मूठभर घेतलं.

परवा लाल गोल नव्हता.
रात्री तीनला तिची कडी वाजली.
अंधारात, अनवाणी,
आठही बोल्ट चुकवून बाहेर आली:
अक्का! नीळ्ळु! नीळ्ळु आलं की!
अर्धं तेलुगू, अर्धं सोलापूर.

घागर, बादल्या, पातेली,
लूमच्या तेलाचा सोड्यानं धुतलेला तो जुना डबा.
ती भरून देत होती, मी आत नेत होते.
शेजारी शरणम्माला हाकही तिनेच मारली.
शेवटची बादली अर्ध्यावर असताना
नळ खोकला आणि गेला.

ती त्या अर्ध्या बादलीकडं बघत राहिली.
केस धुऊ?
मी म्हटलं, धू की.