खोकल्यासकट

बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी
सत्यभामा माझ्या ओसरीवर आली.
पिशवीत चार मोसंब्या, हातात नवं शास्त्र,
त्याला वर्तमानपत्राचं कव्हर,
पोरांच्या पुस्तकाला घालतात तसं.
"शिकवा," म्हणाली.
एवढंच.

एकतीस वर्षं जालन्याच्या दवाखान्यात परिचारिका होते मी.
लेकराला दूध कधीवर, मऊ भात कधी,
तक्त्यावर लिहून ठेवायची सवय.
हिचाही केला मनातल्या मनात:
आधी मार्क, मग योहान, स्तोत्र रोज एक,
शिव्या बंद,
रविवार चुकवायचा नाही.

ती सगळं करायची.
शब्दाखाली बोट धरून वाचायची,
जोडाक्षराशी थांबून श्वास घ्यायची,
"नीतिमत्त्व" आलं की
उंबऱ्यात चपला काढल्यासारखी.

प्रार्थना मात्र माझीच.
"हे स्वर्गीय पित्या, तुझ्या चरणाशी नम्र होऊन..."
इथवर ठीक.
पण मध्येच ती खोकली.
पुढच्या गुरुवारी त्याच जागी पुन्हा.
तिसऱ्या गुरुवारी कळलं,
तो खोकला माझा होता.
हसले नाही.
रात्री झोप लागली नाही.

नाताळचे कंदील उतरवले त्या आठवड्यात
म्हणाली, "मावशी, आत कोरडं पडलंय.
आधी त्याचं नाव घेतलं की रडू यायचं,
आता भितीशी बोलल्यागत वाटतंय."

मला वाटलं, आलाच प्रसंग.
म्हटलं, अगं, तू अंबड रोडच्या बागेत कामाला,
तुला मी काय सांगावं?
बहर धरायच्या आधी झाडाला ताण देतात,
पाणी तोडतात, पानं गळू देतात.
देवही तसंच

"ताण पाहिलाय का तुमी?"

पाहिला नव्हता.
उपदेशात ऐकला होता.

"रोज जावं लागतं बघाया.
माती उकरून मुळाला हात लावायचा.
चार दिस जास्त झाले की झाड जातं, मावशी.
त्या दुष्काळात मालकाची दोनशे गेली,
मीच तोडली कुऱ्हाडीनं.
पाणी बंद करून घरी निजणाऱ्याची
बाग ऱ्हात नसती."

मी शास्त्र मिटलं.
शेजारची शेळी पायरीवरचं मीठ चाटत होती.
बदनापूरचा तो पोस्टातला एलिशा,
मुलगी गेल्यावर आला होता माझ्याकडे.
"सोस," म्हटलं होतं मी,
एक वचन लिहून दिलं होतं चिठ्ठीवर
आणि दार लावून घेतलं होतं.
नंतर तो दिसला नाही.
मीही पाहायला गेले नाही.

पुढच्या गुरुवारी मीच निघाले.
चंदनझिऱ्यात तिच्या दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, सरकारी दवाखान्यात,
जावेचं पोरगं आजारी.
हीच ती जाऊ,
बाप्तिस्म्यापासून हिच्याशी न बोलणारी,
हिचा तांब्या वेगळा ठेवणारी.

लेकरांच्या वॉर्डात खाटेखाली पथारी.
जाऊ भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली,
तिच्या अंगावर सत्यभामाची शाल.
आणि सत्यभामा
पोराच्या तळव्याला हात लावून
हळू बोलत होती:

"देवा, ह्याची छाती भरलीय.
मशीनवर आकडा अठ्ठ्याऐंशी दावतोय,
नर्सबाई म्हणती कमी हाय.
ह्याची माय माझ्याशी बोलत नाही, ते ऱ्हाऊ दे,
तिला आधी झोप दे, तीन रात्री जागी हाय.
मावशीचं गुडघंबी बघ.
मला आता रडू येत नाही.
पण मी हितंच हाय."

माझ्या तक्त्यात
यातलं काहीच नव्हतं.

आमेन म्हणायला तोंड उघडलं
आणि नेमका खोकला आला, खरा, थांबेना.
डोळे न उघडता तिनं
पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.