प्लस-मायनस

मागल्या वर्षी दिवाळीनंतर बुश डावीकडंच वळायला लागला.
टेबलाच्या पायाभोवती, लेथभोवती, माझ्याभोवती.
बाबालाल म्हणाला, सेंटर आउट झालंय ह्याचं.
आम्ही हसलो.
मग एका रात्री तो फरशीवर आडवा पडून पळत राहिला,
तोंडाला फेस, डोळे कुठंतरी भलतीकडं.

डॉक्टर शिरगुप्पे फोटो उजेडाला धरून म्हणाले,
गाठ आहे. मेंदूत. सुपारीएवढी.
काही केलं नाही तर दोन-तीन महिने.
किरणं दिली तर वर्ष, थोडं जास्तही.
तीस वर्षं मी उद्यमनगरात लोखंड सोलतोय,
तोंडातून निघून गेलं, प्लस-मायनस किती?
त्यांनी चष्मा काढला.
निम्मी कुत्री त्याच्या अलीकडं जातात, म्हणाले,
निम्मी पलीकडं.
एवढ्या टॉलरन्सवर
मी साधी पिनसुद्धा पाठवली नसती.

मशीन इथं नाही. पाच खेपा.
पहाटे तीनला किणी नाका,
मागच्या सीटवर शैला, तिच्या मांडीवर ते जड डोकं,
भूल द्यायची म्हणून रात्रीपासून उपाशी.
काचेपलीकडं ते साच्यात बसवलं,
चकमध्ये जॉब धरतात तसं,
आणि सगळी माणसं बाहेर आली.
त्याच्याभोवती मशीन फिरलं.
ठिणगी नाही, कूलंटचा वास नाही, खाली कीस नाही.
आत काही कापलं जातंय म्हणायचं
तर कशावरून?

दुसरं लेथ विकलं.
भावकी विचारायला आली, कुत्र्यापायी?
शैलानं त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा.

गेलेले केस उन्हाळ्यात परत आले, पांढरे.
काळ्या टाळूवर बिस्किटाएवढा चौकोन.
गल्लीतली पोरं म्हणतात, बुशला कुणी चुना लावला?
सकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर
तो सरळ रेषेत जातो
आणि म्हशीच्या मागं, शेपटीच्या टप्प्यात बसतो.
खारीत लपवलेली गोळी मात्र
खारी खाऊन बाहेर काढतो, माझ्या चपलेवर ठेवतो.

अकरावा महिना चालू आहे.
रात्री पोत्यावर आडवं होण्याआधी तो गोल फिरतो.
सगळीच कुत्री फिरतात.
मी बटणावर हात ठेवून मोजतो,
एक, दोन,
तिसऱ्याला बसला की दिवा घालवतो.

काल चार झाले.
थंडी असेल.
शैलाला सांगितलं नाही.