चारशे बारा ओळी गाळल्या

विल्यांदी गावाच्या बॉयलरघरात
बाहेर उणे बावीस, आत चोवीस,
आणि कोपऱ्यातल्या सर्व्हरमध्ये एक कारकून
रात्रभर लिहीत बसलेला.

यंत्र सुरू होतं तेव्हा तो जवळजवळ सगळ्यांच्या आधी उठतो.
डिस्कने अजून दार उघडलेलं नसतं,
म्हणून पहिल्या ओळी तो मेमरीत टिपतो,
घाईत तळहातावर फोन नंबर लिहावा तशा,
आणि दार उघडलं की वहीत उतरवतो.
घड्याळाची बॅटरी कधीच मेली आहे,
त्यामुळे पहिल्या सात सेकंदांना तो
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर म्हणतो.
मग टाल्लिनहून खरी वेळ येते.
अर्ध्या शतकाहून लांब उडी मारतो तो,
मागचं काही खोडत नाही.

पंप म्हणतो, फिरतोय.
झडप म्हणते, अर्धी उघडी आहे.
लाकडाच्या चिपाट्यांचा पट्टा म्हणतो,
थांबलो, पुन्हा निघालो.
कोण बोललं हे तो बोलणाऱ्याला विचारत नाही,
स्वतः वाकून बघतो आणि समासात लिहितो.
शिवाय प्रत्येक ओळीला शून्य ते सात एक आकडा.
शून्य म्हणजे सगळं संपलं.
सात म्हणजे बडबड.

आज तीन अकराला दोन नंबरचा पंप बसला.
हिल्ले धावत आली, एकाच हातात मोजा,
तीन नंबरचा पंप हाताने चालू केला,
पाइप पुन्हा गरम लागेपर्यंत हात ठेवून उभी राहिली,
मग खुर्ची ओढून बसली. काय झालं?

काय झालं हे कारकुनाला माहीत नसतं.
कोण काय म्हणालं, आणि कोणाच्या मागून कोण,
एवढंच तो सांगतो.
इथे कोणी ध चा मा केला
तर पानावरचं सील तुटलेलं दिसतं.

ती शेवटाकडून मागे वाचत गेली.
तीन दहा: ताप.
तीन नऊ: ताप.
तीन आठ: पंप दोन, चारशे बारा ओळी गाळल्या.
इतका ओरडत होता तो
की कारकुनाने हात वर केला असणार:
अर्ध्या मिनिटात हजारच, बाबा,
मला बाकीच्यांचंही ऐकायचंय.

चारशे बारा वेळा काय म्हणाला असेल?
बहुतेक तेच ते.
बहुतेक.

आणखी मागे. एकोणीस दिवस
त्याच पंपाची रोज एक ओळ: बेअरिंगमध्ये कंप.
आकडा चार.
तीनपर्यंतचंच मला दाखव,
असं सप्टेंबरात तिनेच पडद्याला सांगून ठेवलं होतं,
रात्री जरा शांत जाव्यात म्हणून.

आणखी मागे, ऑक्टोबर.
पंप आणि झडपांच्या गर्दीत माणसाने टाइप केलेली एक ओळ:
एंडेल: कॉफी संपली.
आणि दोन रात्रींनी:
एंडेल: पंप दोनला कान लावला. आवाज आवडला नाही.
आकडा पाच.
महिनाअखेरीस एंडेल निवृत्त झाला,
सारेमा बेटावर मधमाश्या पाळतो,
निरोपाच्या केकवेळी पंपाबद्दल बोलला नाही.
लिहिलंय ना, असं त्याला वाटलं असेल.

वहीला चार गिगाबाइटची मर्यादा आहे.
त्यापुढे गेलं की जुन्यातलं जुनं पान जातं,
त्यावर काय आहे हे न वाचता.
पंपाच्या ओरडण्याने वही आज फुगलेली.

हिल्लेने दुसरा मोजा काढला
आणि एक ओळ टाइप केली:
हिल्ले: ऐकलं. उशिरा.

कारकुनाने टिपून घेतलं. आकडा पाच.
मग जागा करायला एक पान काढून टाकलं.
कॉफी त्यात गेली का,
हे बघायला ती थांबली नाही,
पाना घेऊन पंप दोनकडे गेली.

तीन बावन्न.
पंप तीन म्हणाला, फिरतोय.