पडणाऱ्याची वही

रामकुंडावरच्या आमच्या वह्यांत
सात पिढ्या सापडतात कुणाच्याही.
गाव सांगा, आडनाव सांगा, बस.
ह्या माणसाचं गावही नाही माझ्याकडे.

भद्रकालीत, रशीदच्या व्हिडिओ पार्लरात
शहाऐंशी साली पहिल्यांदा मरताना पाहिला:
तिसरा गुंड, जिन्यावरून.
डावा तळवा आधी जमिनीला, मग खांदा, मग तो.
उजव्या कानाची पाळी तुटकी.

पुढं कळलं, हा कोरियाचा.
पडद्यावर कधी जपानी, कधी मांचू शिपाई,
एकदा तर नायिकेच्या झग्यात, पाठमोरा,
घोड्यावरून उडी.
नामावलीत कुठंच नाही.
एका जर्मन कॅसेटच्या वेष्टनावर मात्र
बारीक टायपात: पे मान-सोक.
तोच का?
सिडकोत तायक्वांदो शिकवणारे खैरनार सर
चित्र थांबवून म्हणाले,
"हा पडायला शिकलाय. बाकीचे नुसते पडतात."

एकेचाळीस मरणं टिपलीत आजवर.
कॅसेट, मिनिट, मारणारा, कशावर पडला.
शेवटचं पुलावरून. पाण्याचा आवाज येतो,
तो वर येताना दाखवत नाहीत.
त्यानंतर तो कान कुठं दिसला नाही.

काल यजमान नव्हते, घाटावर नुसतं ऊन.
वडिलांची लाल वही काढली, मागचं कोरं पान.
पे मान-सोक, लिहिलं.
वडिलांचं नाव: जागा सोडली.
गाव: जागा सोडली.
मग हात थांबला.
इथं आलेल्यांचीच नावं घालायची, असा दंडक आहे.

लिहिलं: आले होते.
भद्रकालीपर्यंत,
रात्री नऊच्या खेळाला.