गाभोळी

हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
यंत्र चुकलं असेल म्हणून पुन्हा लावलं.
सहा पूर्णांक सात.

बाहेर बाकावर हिल्या मुस्तोनेन,
बूट दाराशी काढून, लोकरी मोज्यांत,
खिडकीतल्या बर्फाइतकी पांढरीफटक.

डॉक्टर वूओक्को विचारत गेल्या.
शौचाला काळं होतं? पोटात जळजळ?
सांध्यांसाठी गोळ्या घेता? घरात कुणाला असं?
नाही, नाही, नाही. मग जरा थांबून:
बहिणीचं रक्त कुणी मोजलंच नव्हतं.

लोह भरपूर निघालं. कुठे रक्तस्राव नाही.
मग काच माझ्याकडे आली.
भिंगाखाली तांबड्या पेशी मोजक्याच,
पण फुगलेल्या, लांबोळक्या,
आणि एका पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला सहा पाकळ्या.
मी परत मोजल्या. सहाच.

बी-बारा पार तळाला.
आणि ही बाई तळ्याकाठी राहते, रोज मासे खाते!

"कसे खाता?"
पहिल्यांदाच ती खुलली:
बर्फाला भोक पाडायचं, पाइक काढायचा,
गाभोळी मिठात कालवायची, वर कांदा,
रायच्या भाकरीवर जाडसर थर.
"शिजवून?"
"छे! शिजवून कुणी खातं?"

दुसऱ्या दिवशी नमुन्यात अंडी दिसली,
एका टोकाला इवलं झाकण.
कित्येक हिवाळे तिच्या ताटात
तिच्याआधी कुणी जेवत होतं.

एक औषध, बरीचशी इंजेक्शनं.
मार्चमध्ये ती आली, ओठांना रंग,
हातात बरणी. "तुमच्यासाठी. आजचीच."
नाही म्हणवेना.

दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवली.
मग खाल्ली.
मीठ थोडं जास्त होतं.