तुमच्या मनानं

राजारामपुरी, नववी गल्ली. आठ स्टुलं, मेनूकार्ड नाही.
साडेचारशेत दस्तगीर शिकलगार देईल ते खायचं.

याच्या आज्यानं अख्ख्या शनिवार पेठेच्या
विळ्या-सुऱ्यांना धार लावली.
हा तीच धार
रत्नागिरीच्या सुरमईवरनं बिनआवाज ओढतो.
खाली आजऱ्याचा घनसाळ, कोमट,
दोन बोटांनी दाबलेला.

"तिखट चालतंय न्हवं?"
एवढंच विचारलं.

एकवीस वर्षं मीच विचारते,
आज काय करू?
पेपरामागनं उत्तर येतं, कर काहीही.
काहीही म्हणजे कालचं नको, वांगं नको,
उशीर तर नकोच.

पर्समध्ये फोन थरथरला.
असेल.

बांगडा आला, वर ठेच्याचा ठिपका.
हातानंच उचलला.

पुढचा कसला,
मी विचारलं नाही.