डावीकडून, पुढून

पहिल्यांदा ऐकला तो ऐरोलीच्या पुलाखाली वळताना.
खट्.
एकदाच. पायाशी कुणी
रिकामी वाटी उपडी घालावी तसा.

मग दिघ्यापर्यंत काही नाही.
मग पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर खट् खट् खट्,
आणि स्पीडब्रेकरवर, जिथं यायलाच हवा,
तिथं गप्प.

यशोधन म्हणाला, गाणी लाव.
मी आठ दिवस काच खाली करून
कंपन्यांच्या कंपाउंडला चिकटून गाडी चालवली,
कारण भिंत आवाज परत देते.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी
पाहुण्यांपुढे श्लोक म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखी.
एक अक्षर नाही.
एसीतल्या मुलानं कागद काढून दिला:
दोन्ही शॉकअप, माउंट, सगळे बुश,
अठ्ठावीस हजार चारशे, जीएसटी वेगळा.
'मॅडम, गाडीचं वय झालं आता.'
नऊ वर्षं. माझ्या मुलीहून दोन महिन्यांनी लहान.

रबाळ्याला पाइपलाइनच्या कडेला मढवींचं गॅरेज.
बोर्डावरचा 'ग' कधीच गळून पडलाय.
हरेश्वर मढवींनी बॉनेटला हात लावला नाही.
म्हणाले, 'आवाज कधी येतो ते सगळेच सांगतात.
कधी येत नाही ते सांगा.'
स्पीडब्रेकरवर येत नाही, मी म्हटलं.
'म्हणजे दोन्ही चाकं एकदम उचलली की नाही.
एक वर, एक खाली, तेव्हाच.'
किल्ली पुढे केली तर घेईनात.
'तुम्हीच चालवा. मी बसतो बाजूला.'

खाडीच्या अंगाला एक रस्ता आहे.
दर वर्षी नवं डांबर, दर वर्षी तिथंच खचतो.
'हळू. आणखी हळू. आता डावं चाक सोडा त्यात.'
खट्.
ते मात्र खिडकीतून खाली बघत होते.
'खाली खाजण आहे. भराव टाकून चाळीस वर्षं झाली,
अजून बसतंय.
आमचं खारभात व्हायचं इथं.
हा खड्डा आहे ना, इथं उघाडी होती.
भरती आली की बापूस रात्रीचा उठून फळ्या बघायला यायचा.'
आणि त्याच सुरात, न थांबता:
'लिंक रॉड. बहुतेक.'

'बहुतेक' हा शब्द
अठ्ठावीस हजारांच्या कागदावर कुठंच नव्हता.

गाडी खड्ड्यावर घेतली, चारी चाकं जमिनीवर ठेवून.
'जॅकवर टांगली की ताण जातो,
मग खराब पार्टसुद्धा शहाण्यासारखा वागतो.'
तन्वीर नावाचा पोरगा वरून मडगार्ड दाबत, सोडत राहिला,
आणि मढवींनी मला खाली बोलावलं.
ओढणी कमरेला खोचून उतरले.
ऑइल, ओला सिमेंट, कुणाच्या तरी डब्यातल्या सुकटीचा वास.
'इथं धरा. जोरात नको.'
कानाआधी बोटांत आला तो.
टुक्. हलत्या दाताइतका.
वीतभर सळई, टोकाला फाटकं रबर,
आतलं ग्रीस वाळून त्यात रस्त्याची कच.
एवढ्यासाठी मी आठ दिवस
सिग्नलवर श्वास धरून होते.

पार्ट सहाशे ऐंशी, मजुरी अडीचशे.
उजवीकडचा?
'तो अजून बोलत नाही. पैसे असतील तर आज टाकू,
नाहीतर बोलेल तेव्हा या.'
उजव्याला राहू दिलं.

परतताना पेव्हर ब्लॉक मुद्दाम दोनदा घेतले.
काही नाही. इतकं काही नाही
की मागच्या सीटवरचं बक्कल ऐकू आलं,
मग डिकीतला पाना,
मग ऐरोलीच्या वळणावर, फार बारीक,
मागून, उजवीकडून,
काहीतरी. कदाचित वर्षभर असेल
त्या मोठ्याच्या आड.

यशोधननं दारातच विचारलं, गेला?
डावीकडचा, पुढचा गेला, मी म्हटलं.
रविवारी तो गाणी लावायला हात पुढे करतो.
थांब जरा, मी म्हणते,
आणि काच खाली करते.